मिनी ट्रॅक्टरला गवत कापायचं फ्लेल मोअर: ४ फुटी घेऊ की ५ फुटी?

लिंबू_भडगाव
राम राम मंडळी. भडगाव तालुक्यात गिरणाकाठी शेती आहे, ४ एकर लिंबू २० बाय २० फुटांवर आणि बाजूला दीड एकर मोसंबी, बाकी कपाशी. ट्रॅक्टर २४ एचपीचा मिनी, फोर व्हील, दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतलेला. आता प्रॉब्लेम असा की यंदा पावसाळ्यात बागेत गवत कमरेएवढं झालं, निंदणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर कपाशीवाले आधीच बोलावून बसलेले. तणनाशक दोन वर्षं मारलं पण खोडाजवळ मारायची भीती वाटते आणि लव्हाळा तर तसाच हसत उभा. रोटाव्हेटर मारायचो आधी, पण कृषी सहाय्यक म्हणाले लिंबाच्या खाद्यमुळ्या वरच असतात, दरवर्षी तोडल्या तर तिथूनच डिंक्या (खोडातून डिंक गळून झाड मरतं तो रोग) घुसतो, आणि खरंच सांगतो माझी ११ झाडं डिंक्यात गेली त्यामुळे ते बंद केलं.

आता फ्लेल मोअर बघतोय, इकडे कोणी मल्चर म्हणतं कोणी श्रेडर म्हणतं कोणी गवत कुट्टी म्हणतं. दुकानदार म्हणतो ५ फुटी घ्या, ४ फुटीत आणि त्याच्यात पैशाचा फार फरक नाही, काम लवकर उरकेल. अजून म्हणतो कपाशी निघाली की पऱ्हाटी, म्हणजे उरलेल्या काड्या, पण याच्यानेच बारीक होईल. तर प्रश्न असे, २४ एचपीला ५ फुटी ओढेल का, ब्लेड इंग्रजी वाय आकाराचे घ्यायचे की हातोडीवाले, आणि पऱ्हाटीचं खरं आहे का. नाहीतर साधं स्लॅशर घेऊ का, ते स्वस्त पडतं. ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा, यूट्यूब बघून झालंय माझं.

तापीकाठ
रावेर तालुक्यातून. आमच्याकडे केळी आहे त्यामुळे तुमच्यासारखं झाडाखाली गवत कापायचं काम कमी, पण बांध आणि शेतरस्ता साफ ठेवावाच लागतो कारण तणावर मावा आणि माव्यातून केळीवर हरण्या हा विषाणू रोग, हे चक्र आम्ही चांगलं भोगलंय. म्हणून आम्ही दोघा भावांनी मिळून ४ फुटी घेतलं, ट्रॅक्टर तुमच्यासारखाच छोटा.

पहिली गोष्ट जी कोणी सांगत नाही ती सांगतो. ठिबक. तुमच्या बागेत लॅटरल, म्हणजे ओळीतल्या ठिबकच्या नळ्या, कुठे आहेत ते आधी बघा. गवतात दडलेली १६ एमएमची नळी एकदा रोटरमध्ये (ब्लेड लावलेल्या फिरत्या दांड्यात) गेली की ती कापली जात नाही, गुंडाळली जाते, आणि ट्रॅक्टर थांबवेपर्यंत अर्धी ओळ ओढून आणते. माझ्या पहिल्याच दिवशी असं झालं, सव्वाशे फूट नळी रोटरला अशी बसली की ब्लेडने कापून कापून काढायला अख्खी दुपार गेली आणि नळी बेअरिंगच्या तोंडाशी गुंडाळलेली होती ती गरम होऊन वितळली, सील गेलं. आता आमचा नियमच आहे, आदल्या दिवशी माणूस पाठवायचा, नळ्या उचलून खोडाजवळ घ्यायच्या किंवा झाडाला टांगायच्या, मगच मशीन आत.

स्लॅशरबद्दल म्हणाल तर पडीक जमीन असेल तर घ्या, बागेत नको. स्लॅशरचं पातं आडवं फिरतं आणि दगड सापडला की गोळीसारखा बाजूला जातो. फ्लेलचा रोटर आडव्या शाफ्टवर, ब्लेड लटकते, दगडाला लागली की मागे वळते आणि वरून झाकण, मागे रोलर, त्यामुळे उडतं कमी. कमी म्हटलंय, अजिबात नाही असं नाही. मागे कुणाला चालू देऊ नका. आणि स्लॅशर गवत एका बाजूला ढीग करून टाकतं, हे बारीक करून तिथेच पसरतं, उन्हाळ्यात त्याचं आच्छादन होतं.

केळीचं खोड मात्र या छोट्या मशीनने करायला जाऊ नका, मी केलंय. पाणी उडतं आणि दोरा रोटरच्या दोन्ही टोकांना सुतासारखा गुंडाळतो. पिलबाग (पिलांपासून घेतलेलं पुढचं केळी पीक) काढायची असली की आम्ही मोठ्या ट्रॅक्टरवालं मल्चर भाड्याने बोलावतो.

पाना_नंबर_१९
चाळीसगाव रोडला वर्कशॉप आहे, रोटाव्हेटर, मल्चर, पेरणी यंत्र सगळं रिपेअरला येतं त्यामुळे विकणाऱ्याच्या बाजूने बोलणार नाही.

२४ एचपी हा इंजिनचा आकडा आहे. पीटीओला, म्हणजे मागचं यंत्र फिरवणाऱ्या दांड्याला, त्यातलं १० ते १५ टक्के कमी येतं, म्हणजे तुमच्याकडे धरा २० ते २१, आणि सेकंड हँड आहे तर अजून थोडं कमीच धरा. फ्लेलला साधारण एका फुटाला ४ ते ५ पीटीओ एचपी लागते हे गवत कापायला. ४ फुटीला १६ ते २०, म्हणजे तुमचा ट्रॅक्टर कसाबसा नाही, नीट ओढेल. ५ फुटीला २० ते २५ आणि तुमचं गवत कमरेएवढं, ओलं. मग काय होतं, पहिल्या ओळीत चालतं, दाट पट्टा आला की इंजिन बसतं, आरपीएम (मिनिटाला फेरे) पडला की ब्लेड कापत नाही, झोडते, गवत बारीक होत नाही नुसतं लोळतं, बेल्ट स्लिप होतो, रबर जळल्याचा वास येतो आणि मग गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन म्हणतं बेल्ट डुप्लिकेट आहे. बेल्ट डुप्लिकेट नसतो भो, मशीन मोठं असतं.

रुंदी बघायची दुसरी रीत, तुमच्या मागच्या टायरची बाहेरची रुंदी मोजा. मशीन त्याच्यापेक्षा दोन्ही बाजूला दोन दोन इंच बाहेर आलं की बस, म्हणजे टायरखाली दबलेलं गवत सुटत नाही. मिनीला ४ फुटी त्यात बसतं.

वजन. ४ फुटी सुद्धा दोन क्विंटलच्या आसपास भरतं, हेवी असलं तर जास्त. मागे एवढं लटकवून बांध चढताना पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग तुमचं ऐकत नाही. पुढे वजनं लावून घ्या.

ब्लेड: गवताला वाय. हातोडी ही फांदी, काडी, झुडपासाठी, ती ताकद पण जास्त खाते आणि गवत तोडते, कापत नाही. लिंबाची छाटणी तुम्ही दरवर्षी किती करता, अंगठ्याएवढी फांदी वाय ब्लेड पण घेते हळू चालवलं तर. काट्यांचं बघा मात्र, लिंबाचा काटा आणि पुढचं टायर.

आणि पऱ्हाटी विसरा. कपाशीची पऱ्हाटी वाळली की लाकूड आहे, बुडाशी तर दोन बोटं जाड. त्याला पऱ्हाटी श्रेडर वेगळं येतं, हेवी रोटर, ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर. हलक्या गवताच्या मशीनने पहिल्या एकरात बोल्ट ढिले, दुसऱ्या एकरात रोटर बॅलन्सच्या बाहेर. मी अशी तीन मशीनं वेल्डिंग केलीत या वर्षी, तिन्ही गवताचीच होती.

आता माझा प्रश्न तुम्हाला. तुमच्या ट्रॅक्टरचा क्लच सिंगल आहे की डबल? क्लच दाबला की पीटीओ पण सुटतो का?

बैलगाडी_अमळनेर
इतला पैसा कसाले घालस भो. दहा शेळ्या सोडी दे, गवत बी जाई आनि खत बी व्हई 😄

गंमत सोडा, पण ४ एकरासाठी मशीन घेताय तर वर्षात किती दिवस चालेल याचा हिशोब केला का? माझ्याकडे पाठीवरचं ब्रश कटर आहे, दोन एकर पेरूत मी तेच मारतो. कंबर जाते हे खरं.

लिंबू_भडगाव
@बैलगाडी शेळ्या सोडल्या होत्या आजोबांनी, त्यांनी गवत सोडून लिंबाची पालवी खाल्ली, आजी शेवटपर्यंत तेच ऐकवायची.

हिशोब केलाय. पावसाळ्यात तीन कापण्या, हस्त बहार धरायला झाडांचं पाणी तोडतो त्या ताणाआधी एक, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एक, म्हणजे पाच वेळा साडेपाच एकर. शिवाय गावात मिनी ट्रॅक्टरवालं मोअर कोणाकडेच नाही, मोसंबीवाले तीन जण आत्ताच विचारून राहिले भाड्याने देशील का म्हणून.

@पाना सिंगल क्लच आहे वाटतं. दाबला की पीटीओ थांबतो, रोटाव्हेटर मारताना तसंच होतं. त्याने काय फरक पडतो? आणि एकराला वेळ किती लागेल?

पाना_नंबर_१९
खूप फरक पडतो, म्हणून तर विचारलं.

रोटाव्हेटर जमिनीत असतो, क्लच दाबला की माती त्याला थांबवते. फ्लेलचा रोटर हवेत फिरतो, जड असतो, मशीनच्या गिअरबॉक्स आणि पुलीने पीटीओच्या ५४० चे जवळपास दोन हजार आरपीएम झालेले असतात. उदाहरण घ्या, गिअरबॉक्स १ ला ३ आणि पुली १ ला १.२, तर ५४० गुणिले ३.६ म्हणजे १९४४. एवढ्या वेगात फिरणारा लोखंडी गाडा तुम्ही क्लच दाबला म्हणून थांबत नाही. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये तो उलटा पीटीओतून ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला फिरवतो आणि ट्रॅक्टर क्लच दाबलेला असून पुढे ढकलला जातो. ओळीच्या टोकाला तुम्ही क्लच दाबून वळायच्या तयारीत, आणि ट्रॅक्टर सरळ बांधावर. किंवा विहिरीवर, आपल्याकडे विहिरी कुठे असतात माहितीच आहे, बागेच्या कोपऱ्यात, कठडा नसलेल्या.

यावर उपाय फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने जोर पोचवणारा जोड, सायकलच्या मागच्या चाकासारखा. काही मशीनच्या गिअरबॉक्समध्येच असतं, नसेल तर पीटीओ शाफ्टला ओव्हररनिंग क्लच वेगळा बसवता येतो. दुकानात बघायची पद्धत, मशीन ट्रॅक्टरला न जोडता, शाफ्ट एकाने घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने रोटर हाताने फिरवायचा, हातमोजे घालून. एका बाजूला शाफ्ट न हलता रोटर मोकळा फिरला तर फ्रीव्हील आहे, दोन्ही बाजूला शाफ्ट पण फिरायला लागला तर नाही. दुकानदाराला विचारू नका, तो हो म्हणेल.

वेळ: ४ फुटी म्हणजे १.२ मीटर, ताशी ३ किमीने गेलात तर कागदावर तासाला ३६०० चौरस मीटर, एकर ४००० चा. वळणं, एकावर एक पट्टा, झाडाभोवतीचं हे सगळं धरून एकराला दीड ते पावणेदोन तास समजा. कमरेएवढं गवत असेल तर दोन वेळा, आधी मशीन उंच धरून वरचं, मग खालचं. घाई करायची नाही, छोट्या गिअरमध्ये, इंजिन मात्र पीटीओच्या आरपीएमला फुल ठेवायचं. लोक उलटं करतात, डिझेल वाचवायला रेस कमी आणि गिअर मोठा, मग म्हणतात कापत नाही.

पपई_शहादा
पानाभाऊंनी बरोबर सांगितलं, दोन गोष्टी मी जोडतो.

एक, पीटीओचा स्पीड. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरला दोन पीटीओ स्पीड येतात. मोअर ५४० चं असेल आणि तुम्ही चुकून ७५० च्या लिव्हरवर टाकलं तर वरच्याच हिशोबाने रोटर २७०० ला जातो, त्या वेगासाठी ना बेअरिंग बनलंय ना ब्लेडचा बोल्ट. आमच्या गावात एकाने असं केलं, ब्लेड सुटून झाकणाला आतून गुमडासारखा फुगा आलाय अजून दाखवतो तो सगळ्यांना. सेकंड हँड ट्रॅक्टर आहे, लिव्हरवरचं स्टिकर उडालेलं असेल, तेव्हा मॅन्युअल बघा किंवा मेकॅनिककडून मोजून घ्या.

दोन, अनुदान. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणात अर्ज टाका, पण पूर्वसंमती हातात आल्याशिवाय बिल करू नका, आधी घेतलं की अनुदान गेलं. आणि ज्या मॉडेलचा टेस्ट रिपोर्ट आहे तेच धरतात, मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी यंत्र तपासणी केंद्राचा किंवा तसल्या मान्यताप्राप्त ठिकाणचा. गल्लीत वेल्डिंग करून रंग दिलेलं मशीन स्वस्त मिळतं, त्याला रिपोर्ट नसतो आणि रोटर बॅलन्स केलेला नसतो, हातात कप धरला तर चहा सांडेल इतकं थरथरतं.

साइड शिफ्टवालं मिळालं तर तेच घ्या, लिंबाच्या फांद्या खाली असतात, ट्रॅक्टर ओळीच्या मधून आणि मशीन एका बाजूला सरकवून फांदीखाली जातं. हाताने बोल्ट सरकवायचं असलं तरी चालेल, हायड्रॉलिकच हवं असं नाही. आमच्या पपईत तर त्याशिवाय जमतच नाही.

तापीकाठ
हो साइड शिफ्ट विसरलो होतो सांगायचं. पण सरकवलं की वजन एका बाजूला जातं, उतारावर संभाळून.

अजून एक, काळ्या जमिनीत वाफसा आल्याशिवाय शिरू नका. आम्ही एकदा पाऊस उघडून दुसऱ्याच दिवशी गेलो, गवताचा आतून झाकणाला असा लगदा चिकटला की रोटर फिरायला जागा नाही, रोलरला चिखल, आणि टायरचे चर पुढच्या पावसापर्यंत तसेच. गवत फुलावर यायच्या आत कापायचं, विशेषतः गाजर गवत, बी पडलं की तुम्ही मशीनने त्याची पेरणीच करता. लव्हाळा मरेल ही अपेक्षा ठेवू नका, तो याने मरत नाही, नुसता दबतो.

लिंबू_भडगाव
मंडळी काल डेमो घेतला, सांगतो काय झालं.

पहिल्या दुकानात ५ फुटीच होतं उभं. मी आणि पुतण्या, पानाभाऊंनी सांगितलं तसं शाफ्ट धरून रोटर फिरवला, दोन्हीकडे शाफ्ट फिरला. फ्रीव्हील नाही. मी विचारलं तर म्हणे त्याची गरज मोठ्या ट्रॅक्टरला असते. मी काही बोललो नाही, चहा प्यालो, निघालो.

दुसरीकडे ४ फुटी, वाय ब्लेड, गिअरबॉक्समध्ये फ्रीव्हील, हाताने सरकवायचं साइड शिफ्ट. त्याने माणूस पाठवला मळ्यात. नळ्या आदल्या दिवशी उचलल्या होत्या तरी एक एंड कॅप राहिलीच, गेली. मोसंबीच्या तीन ओळी मारल्या. गुडघ्याएवढ्या गवतात लो गिअरमध्ये इंजिन बसलं नाही, कमरेएवढ्यात बसायला लागलं तेव्हा मशीन उचलून दोनदा मारलं. मुद्दाम ओळीच्या टोकाला क्लच दाबून बघितला, ट्रॅक्टर जागेवर उभा आणि मागे रोटर किती वेळ सुंईईई करत फिरतच होता, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला तुम्ही काय म्हणत होते ते.

एक गडबड, रेडिएटरची जाळी गवताच्या भुशाने भरली आणि काटा लालकडे गेला, तेही आत्ता थंडीच्या तोंडाशी. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या उन्हात काय होईल?

आणि गवत एका बाजूला बारीक आणि एका बाजूला लांब पडत होतं, ते कशामुळे?

पाना_नंबर_१९
लांब पडतंय त्या बाजूची लिफ्ट रॉड (मशीन उचलणारा बाजूचा दांडा) लहान मोठी असेल, मशीन तिरकं चालतंय. सपाट जागेवर उभं करून दोन्ही बाजू मोजा. टॉप लिंक (वरचा मधला दांडा) अशी ठेवा की मशीनचं वजन मागच्या रोलरवर बसेल आणि बाजूचे स्कीड (घसरपट्ट्या) जमिनीच्या थोडे वर राहतील. उंची रोलरने ठरते, लिव्हरने नाही. तुमच्याकडे गिरणेचे गोटे असतील तर तीन इंचाच्या खाली जाऊ नका, ब्लेड मातीला लागली की धार एका दिवसात जाते.

जाळी दर तासाला झटका, कपड्याने नाही, पाठीमागून हवा मारून किंवा ब्रशने. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत काम उरका. आणि संध्याकाळी बेल्टचं कव्हर उघडून आतला वाळलेला भुसा काढा, गिअरबॉक्सवरचा पण, गरम गिअरबॉक्सवर वाळलं गवत म्हणजे चूलच.

घेतल्यावर पहिल्या चार पाच तासांनी बेल्ट पुन्हा ताणा, नवे बेल्ट सैल होतात, आणि सगळे बोल्ट आवळा. बेल्ट बदलायचा झाला तर एक नाही, पूर्ण जोड. गिअरबॉक्सला ९० नंबर ऑइल, रोटरच्या बेअरिंगला आणि शाफ्टच्या क्रॉसला रोज ग्रीस. शाफ्ट पहिल्यांदा लावताना मशीन पूर्ण उचलून आणि पूर्ण खाली ठेवून बघा, लांब असेल तर आत टेकून पीटीओचं बेअरिंग फोडतो, कापून घ्यावा लागतो, पण दोन नळ्या एकमेकीत किमान एक तृतीयांश राहिल्या पाहिजेत.

ब्लेड एक तुटली तर तिच्या बरोबर समोरची पण बदला. एक नवी एक झिजलेली असलं की थरथर आणि महिनाभरात बेअरिंग. आणि नळी गुंडाळली गेली तर इंजिन बंद, चावी खिशात, रोटर पूर्ण थांबू द्या, मशीनखाली लाकडाचा ठोकळा, मगच हात घाला. हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली शिरू नका. गमछा गळ्यात असेल तर तो पण काढून ठेवा.

लिंबू_भडगाव
ठरलं मग, ४ फुटीचाच अर्ज टाकतो, पूर्वसंमती येईपर्यंत शेजारच्या गावातून भाड्याने ब्रश कटरवाले आणतो. पऱ्हाटीला गावातल्या मोठ्या ट्रॅक्टरवाल्याला आत्ताच सांगून ठेवलं, डिसेंबरअखेर शेत मोकळं करायचं, यंदा फरदड (कपाशी पुढे ठेवून आणखी वेचण्या) नाही, बोंडअळीने मागच्या वर्षी पुरता धडा शिकवला.

पुतण्या म्हणतो भाड्याचा रेट तासावर ठेवू की एकरावर?

बैलगाडी_अमळनेर
तासावर. एकरावर ठेवशील तर लोक कमरेएवढं गवत वाढवूनच बोलावतील. आणि नळ्या उचलायचं काम ज्याची बाग त्याचं, हे आधीच बोलून घे. माझ्या दोन एकर पेरूचा नंबर लाव, कंबर आता ऐकत नाही.